लॉगिनला तीन मिनिटं: संगणक नेमकी कुणाची वाट बघतो?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं ऑफिस. सकाळी साडेनऊला अकाउंट्समधल्या मॅडम पासवर्ड टाकायच्या आणि चहाला उठायच्या. चहा संपवून परत आल्या तरी पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरतच असायचं. "सर, तीन-तीन मिनिटं नुसतं गोल फिरायलंय. मशीन म्हातारं झालंय, नवीनच घ्यायला लागतंय," त्या मला म्हणाल्या. पण शेजारच्या टेबलावर चार महिन्यांपूर्वी आलेला कोरा संगणक होता, आणि त्यालाही तीनच मिनिटं लागत होती.

जुनं आणि नवं यंत्र सारखाच वेळ घेत असेल तर दोष यंत्रात शोधू नये. मी पेटीवरचा डिस्कचा लाल दिवा बघत बसलो. वर्तुळ फिरत होतं, पण दिवा जवळजवळ विझलेलाच. म्हणजे संगणक काही कामच करत नव्हता, कुणाची तरी वाट बघत होता. मग नेटवर्कची केबल काढली आणि पुन्हा पासवर्ड टाकला. दहा-बारा सेकंदांत डेस्कटॉप समोर. केबल नसताना विंडोज स्वतःजवळच्या आठवणीवर लॉगिन करू देतं. आधी येऊन गेलेल्या १० जणांची ओळख ते मुळात जपून ठेवतं. केबल काढल्यावर लॉगिन झटक्यात होत असेल, तर खोळंबा नेटवर्कवर आहे हे पक्कं समजावं. या तपासाला पैसा लागत नाही, म्हणून मी तो सगळ्यात आधी करतो.

आता वाट कुणाची, ते बघू. माणसाच्या लक्षात नावं राहतात, यंत्रांना आकडे लागतात. कोल्हापुरात दोन्ही रीती नांदतात: राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, पण पापाची तिकटी म्हटलं की रिक्षावाल्याला पुढं काही सांगावं लागत नाही. संगणकांच्या जगात नावावरून आकडा सांगायचं काम डीएनएस करतं. सुरुवातीला जगभरच्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती सांभाळायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. यंत्रं वाढली तशी ती फाइल पुरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी ज्यानं त्यानं आपापल्या हद्दीतली नावं सांभाळायची, हे तिचं सूत्र. बाहेरच्यांना सांगायची नावं वेगळी आणि फक्त घरातली नावं वेगळी, हेही त्यामुळं शक्य झालं.

या फाउंड्रीत सगळ्यांचे पासवर्ड एकाच सर्व्हरवर तपासले जातात. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. पासवर्ड टाकला की संगणकाला आधी तो सर्व्हर सापडावा लागतो. विंडोज २००० पासून ही चौकशी डीएनएसकडं होते: "या कंपनीत लॉगिनची सेवा कोणत्या यंत्रावर आहे?" याचं उत्तर एसआरव्ही नावाच्या नोंदीत असतं, आणि ती नोंद फक्त ऑफिसच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरवर असते.

आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिगची आज्ञा देऊन नेटवर्कचा सगळा तपशील मागवला, आणि डीएनएस सर्व्हरच्या ओळीत ८.८.८.८ दिसलं. थोड्याच दिवसांपूर्वी इंटरनेटची लाइन बदलली होती. नवा राउटर आला होता आणि संगणकांना पत्ते वाटायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं होतं. पत्त्यासोबत तो प्रत्येकाला गूगलचा डीएनएसही देत होता. गूगलनं २००९ पासून चालवलेली ही सेवा उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिला जगजाहीर नावं माहीत; शिरोलीतल्या एका ऑफिसच्या आतलं नाव तिला कुठून माहीत असणार? मुंबईच्या टॅक्सीवाल्याला आपल्या वाड्यातली माजघराची खोली विचारावी, तसं झालं. "असं नावच नाही," हे तिचं उत्तर खरंच होतं.

मग संगणक हार न मानता गल्लीत उभा राहून हाळी देतो: "अमुक नावाचा सर्व्हर इथं कुणी आहे का?" कुणी ओ देतंय का ते बघत थांबतो. पुन्हा हाळी, पुन्हा थांबणं. त्यानंतर ऑफिसचे नियम उतरवून घ्यायचे, सामायिक फोल्डर जोडायचे, प्रिंटर शोधायचा. प्रत्येक पायरीवर तोच शोध नव्यानं. अशा लहान-लहान वाट बघण्यांची बेरीज तीन मिनिटं होते.

मला या सगळ्यात "नाही" आणि "काहीच उत्तर नाही" यांतला फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "नाही" हे उत्तर काही मिलिसेकंदांत येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई अंदाजे ४०० किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद पुरतात. वाटेतली यंत्रं त्यात भर घालतात, तरी ते डोळ्याला कळत नाही. पण उत्तरच आलं नाही तर? प्रश्न वाटेत हरवला, समोरचा बंद आहे, की उत्तर यायचंच आहे, हे विचारणाऱ्याला कळायचा कुठलाही मार्ग नसतो. डीएनएसचे प्रश्न बहुतेक वेळा पोच न मागता टाकलेल्या साध्या पत्रासारखे जातात. म्हणून किती वेळ थांबायचं ते आधी ठरवून ठेवावं लागतं. लिनक्समध्ये (विंडोजसारखीच संगणक चालवणारी दुसरी प्रणाली) हा वेळ मुळात ५ सेकंद असतो, म्हणजे त्या ४ मिलिसेकंदांच्या हजारपटींहून जास्त. प्रयत्न दोन. एकच डीएनएस सर्व्हर लिहिलेला आणि तोही बंद असेल, तर ५ दुणे १० सेकंद. पहिला बंद आणि दुसरा चालू असेल, तर दर चौकशीला ५ सेकंद.

म्हणून मी लॉगिनची वेळ घड्याळ लावून मोजतो. एका कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स सर्व्हरवर दुरून लॉगिन करताना पासवर्ड विचारायलाच दर वेळी नेमके १० सेकंद लागायचे. खरोखर कामात असलेल्या यंत्राला कधी ७ लागतील, कधी १३. रोज १० म्हणजे कुणीतरी आकडे मोजत थांबलंय. तिथं सर्व्हर आलेल्या माणसाच्या आकडी पत्त्यावरून उलट नाव शोधत होता, आणि ज्याला विचारत होता ते यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. एक ओळ बदलली आणि काम झालं.

परत शिरोलीत येऊ. उपाय सांगितल्यावर तिथल्या मुलानं विचारलं, "पहिला डीएनएस आपला ठेवतो, दुसरा गूगलचा असू दे की, अडीनडीला." हा गैरसमज मी फार ठिकाणी बघितलाय. दुसरा डीएनएस हा दुसरं मत घेण्यासाठी नसतो. पहिला गप्प राहिला तरच संगणक दुसऱ्याकडं वळतो. पहिल्यानं "नाही" म्हटलं की प्रश्न तिथंच संपतो. आपला सर्व्हर दोन मिनिटं बंद होऊन चालू झाला, तर तेवढ्यात संगणक गूगलकडं सरकतो, काही काळ तिकडंच राहतो, आणि लॉगिन कधी जलद, कधी रखडत होतं. असा अधूनमधून येणारा दोष शोधणं जास्त जिकिरीचं. म्हणून सगळ्या संगणकांना फक्त ऑफिसचाच डीएनएस द्यावा. बाहेरची नावं तो सर्व्हर स्वतः पुढं विचारून आणतो. अडीनडीची सोय हवी, तर आतलाच दुसरा सर्व्हर उभा करावा.

राउटरचं पत्तेवाटप बंद करून ते सर्व्हरकडं दिलं. संगणक बंद करून पुन्हा चालू केले. सगळीकडं लॉगिन पंधरा सेकंदांच्या आत आलं, फक्त विक्री विभागातला एक लॅपटॉप रखडतच राहिला. त्यात कुणीतरी ८.८.८.८ हातानं टाइप करून ठेवलं होतं, त्यामुळं सर्व्हरनं दिलेला नवा डीएनएस तो घेतच नव्हता. ते पुसताना कोपऱ्यातल्या घड्याळाकडं लक्ष गेलं: सव्वाचार मिनिटं मागं. ऑफिसचे संगणक वेळही डोमेन कंट्रोलरकडूनच जुळवून घेतात, आणि याला तो बरेच दिवस सापडलाच नव्हता. एमआयटीत जन्मलेली कर्बेरॉस ही ओळख तपासायची पद्धत विंडोज वापरतं, आणि तिथं दोन घड्याळांत मुळात ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतला जातो.