ऊन फुकट, पैसा महाग

मे महिन्यात दुपारी दीड वाजता शेजारच्या काकूंच्या गच्चीवर चप्पल काढायची सोय नसते. नागपुरातल्या मानेवाड्याचं ऊन ते. त्यांच्या ३ किलोवॅटच्या सोलर पॅनेलला हात लावला तर चटकाच बसतो. एवढ्या उन्हात पॅनेल उलट थोडं मंदावतं, कारण सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. म्हणजे ६५ अंशांवर तापलेलं पॅनेल सुमारे १४ टक्के मागे पडतं. तरी वर्षाची सरासरी काढली, तर दिवसाला १२ युनिटांच्या आसपास वीज मिळते.

मला मात्र त्या गच्चीवर विजेइतकंच व्याजही दिसतं. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला कोळसा रोज लागतो, त्याचा पैसाही रोज थोडा थोडा जातो. सोलरचं इंधन फुकट, पण पुढच्या २५ वर्षांच्या विजेची जवळजवळ सगळी किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागते. एवढी रोकड किती जणांकडे असते? मग कर्ज काढायचं. १ लाख रुपये १० वर्षांसाठी १२ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता १,४३५ रुपये. ७ टक्क्यांनी घेतले, तर १,१६१. पॅनेल तेच, ऊन तेच, पण एकूण फरक ३२ हजारांहून जास्त.

बँक जास्त व्याज लावते ती पैसे बुडण्याच्या धास्तीने. सरकारी धोरणाचं खरं काम ही धास्ती कमी करणं, असं मला मनापासून वाटतं. २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि तारण न ठेवता स्वस्त कर्जही मिळतं. चर्चा होते ती अनुदानाची. मला त्याहून मोलाचं वाटतं ते काकूंच्या जिन्याखालचं नेट मीटर. त्यावर दोन आकडे येतात: ग्रीडमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यातून, घेतलेली युनिटं आणि ग्रीडला दिलेली युनिटं. दुपारी दिलेली वीज बिलातून वजा होते, त्यामुळे दरमहा किती पैसे वाचतील आणि त्यातून हप्ता निघेल का, हे बँकेला आधीच कळतं. हा नियम दरवर्षी बदलणार असेल, तर त्या अनिश्चिततेची किंमत बँक व्याजात लावणारच.

सांडपाण्याचंही तेच. भांडेवाडीत शुद्ध केलेलं नागपूरचं सांडपाणी औष्णिक वीजकेंद्राला जातं. गिऱ्हाईक पक्कं असलं की असा प्रकल्प उभारायला पैसा मिळतो. पुढे २०१६च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने, सांडपाणी प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना ते पाणी वापरणं बंधनकारकच केलं. एका नियमाने गिऱ्हाईक उभं राहिलं.

इंदूर महापालिकेने २०२३मध्ये हरित रोख्यांतून, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठीच काढलेल्या कर्जरोख्यांतून, २४४ कोटी रुपये उभे केले. नर्मदेचं पाणी शहरात चढवायला लागणाऱ्या विजेचं बिल फार, म्हणून जलूद गावात सौर प्रकल्प काढायचा. पेंच-कन्हानचं पाणी आपणही उपसूनच आणतो. नागपूरने हा हिशेब नक्की मांडून पाहावा.

अर्थात, ‘हरित’ म्हणायचं कशाला, हे ठरलेलं नसेल तर कोणीही तो शिक्का मारेल. अर्थ मंत्रालयाने २०२५च्या मे महिन्यात याच व्याख्यांचा मसुदा काढला. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने बाजारात नोंदलेल्या बड्या १,००० कंपन्यांना पर्यावरणाचा हिशेब देणं त्याआधीच सक्तीचं केलं होतं. गुंतवणूकदाराला भरवसा वाटेल तो अशा कंटाळवाण्या कागदांमुळेच.

काकूंच्या समोर एक कुटुंब भाड्याने राहतं. ऊन त्यांच्याही डोक्यावर तेवढंच, कूलरही दिवसभर चालतो. पण गच्ची घरमालकाची, म्हणून अनुदान नाही, स्वस्त कर्जही नाही. त्यांच्या मीटरवर अजून एकच आकडा येतो.