फोटोवाल्याला मॅकच लागतो, हा समज आला कुठून?

दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की आमच्या भागातल्या स्टुडिओवाल्या पोरांचे फोन सुरू होतात. कॅमेरा कोणता घ्यायचा ते त्यांचं ठरलेलं असतं. अडतं कॉम्प्युटरपाशी, तो विंडोजचा घ्यायचा की मॅक, म्हणजे अ‍ॅपल कंपनीचा. "भाऊ, मॅकशिवाय कलर येत नाही म्हनतेत, खरं हाय का?" वणीच्या पोरानं हे विचारलं, आर्णीच्या विचारलं, गेल्या महिन्यात दिग्रसच्या एकानं विचारलं. या प्रश्नामागे लाख-दीड लाखाचा खर्च असतो आणि काही घरांत तो सोयाबीनच्या पट्टीतून निघतो. म्हणून हा समज कुठून निघाला आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावापर्यंत कसा पोचला, ते नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

समज निराधार नव्हता. एका काळी ते अक्षरशः खरं होतं. १९८४ साली मॅकिंटॉश आला, १९८५ साली त्याला जोडायचा लेझर प्रिंटर आला. त्याच वर्षी पान लावायचं सॉफ्टवेअर आलं आणि छपाईची तयारी टेबलावर होऊ लागली. १९९० च्या फेब्रुवारीत फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आली ती फक्त मॅकवर. अमेरिकेतल्या दोन भावांनी ती रचली होती. विंडोजवर फोटोशॉप यायला १९९३ उजाडलं. मधल्या तीन वर्षांत जगभरातल्या जाहिरात कंपन्या, मासिकं आणि रंग वेगळे करून प्लेट काढणारे लोक मॅकवर बसले ते बसलेच. त्यांनी शिकवलेली पुढची पिढीही मॅकवरच शिकली. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या छपाईत हेच झालं. १९९३ सालीच मॅकमध्ये रंगांचा ताळमेळ ठेवणारी व्यवस्था घातली गेली, तशी विंडोजमध्ये यायला १९९५ लागलं आणि तिचा नीट वापर व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. म्हणजे नव्वदीच्या पहिल्या निम्म्यात ज्यानं "रंगाचं काम मॅकवरच" म्हटलं, तो खोटं बोलत नव्हता.

त्या काळात आम्ही रोल धुवायला अमरावतीला पाठवत होतो, त्यामुळे त्या वादाशी आमचा संबंधच आला नाही. आमच्यापर्यंत पोचलं ते वाक्य, आणि तेही दहा-बारा वर्षं उशिरा. तोवर त्याच्या मागचं कारण गळून गेलं होतं.

सगळ्यात जास्त घोळ ज्या एका शब्दानं घातला, त्याकडे वळतो. तो शब्द गॅमा.

पडद्यावर सगळ्यात काळं आणि सगळ्यात पांढरं यांच्या मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या, याचं ते माप. १९८०च्या दशकात मॅक बनवणाऱ्यांनी आपल्या पडद्याचा गॅमा १.८ ठेवला. त्यामागे विचार होता. कागदावर छापताना ठिपका थोडा फुगतो, छपाईवाले ज्याला डॉट गेन म्हणतात, आणि करड्या छटा गडद होतात. पडदा १.८ वर ठेवला, तर पडद्यावर दिसतं ते मॅकच्या लेझर प्रिंटरमधून निघणाऱ्या पानाच्या बरंच जवळ जाई. काळ्या-पांढऱ्या पानांच्या काळात हा निर्णय शहाणपणाचा होता. विंडोजचे मॉनिटर मात्र टीव्हीच्या वळणाचे, २.२ च्या आसपासचे. १९९६ मध्ये एसआरजीबी नावाचा रंगांचा सामायिक मापदंड मांडला गेला, १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि तोही जवळपास २.२ वरच. कॅमेरे, वेबसाइट, डिजिटल लॅब, सगळे त्याच्या मागे गेले. मॅक १.८ वरच राहिला आणि २००९ च्या ऑगस्टपर्यंत तिथेच होता. छपाईवाल्यांची जुनी कामं बिघडू नयेत म्हणून हे केलं असं समर्थन तेव्हाही होई, आजही होतं. माझ्या मते नव्वदीच्या शेवटीच तो बदल व्हायला हवा होता. दहा वर्षं जगानं दोन वेगळ्या चष्म्यांतून एकच फोटो पाहिला.

फरक किती पडतो ते आकड्यात सांगतो. फाइलमध्ये बरोब्बर मधली करडी छटा घ्या. २.२ च्या पडद्यावर ती पूर्ण पांढऱ्याच्या सुमारे २२ टक्के उजेड देते, १.८ च्या पडद्यावर सुमारे २९ टक्के. फाइल तीच, तिला हातही लावलेला नाही. पण मॅकवर चेहरा उजळ, केसांत तपशील, शेरवानीच्या काळ्या कापडावरचं नक्षीकाम सुटं दिसतं. फाइलला प्रोफाइल (तिचे रंग कसे वाचायचे ते सांगणारी नोंद) जोडलेलं असेल आणि प्रोग्रॅम ते वाचत असेल तर हा फरक भरून निघतो. पण तेव्हाचे कितीतरी प्रोग्रॅम आणि ब्राउझर प्रोफाइलकडे पाहतच नसत, आणि आम्ही तर ते सेव्ह करतानाच काढून टाकत होतो. फाइल हलकी होते म्हणून.

२००६ च्या उन्हाळ्यात मी स्वतः या खड्ड्यात पडलो. नागपूरला एका ओळखीच्या डिझायनरकडे गेलो होतो, सोबत एका लग्नाच्या अल्बमच्या पानांची, आम्ही त्यांना शीट म्हणतो, सीडी होती. त्यानं ती मॅकवर उघडली आणि मला माझंच काम ओळखू येईना. शालूची घडीन् घडी दिसत होती. घरी येऊन माझ्या डब्बा मॉनिटरवर तेच फोटो पाहिले तर सगळं मिटलेलं. मला वाटलं, आपण इतकी वर्षं आंधळेपणानं काम केलं. मग दोन रात्री बसून बत्तीस शीट उजळ केल्या, नागपूरला पाहिलं होतं तसं दिसेपर्यंत. एसटीनं सीडी लॅबला गेली आणि अल्बम आला तो धुतल्यासारखा. नवरीच्या गालावरची हळद गेलेली, पांढऱ्या फेट्याला घडीच उरली नव्हती. पूर्ण अल्बम पुन्हा छापला, माझ्या खर्चानं. माझा मॉनिटर खोटं सांगत नव्हता, नागपूरचाही नव्हता. लॅबचं मशीन एसआरजीबी धरून चालत होतं आणि मी १.८ च्या पडद्याला प्रमाण मानलं होतं. हे मला कळायला पुढे तीन वर्षं लागली, आणि तोवर मी दहा जणांना सांगून झालो होतो की मॅकचा कलरच वेगळा. समज असाच पसरतो. तो पसरवणाऱ्यांत मी होतो, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

दुसरा घोळ पडद्याच्या दर्जाचा. मॅक घेतला की चांगला पडदा त्यासोबतच येई. असेंबल्ड पीसी घेणारा मात्र पैसे प्रोसेसर आणि रॅमवर घाली आणि उरलेल्या पाच-सहा हजारांत मॉनिटर बसवी. डब्बे जाऊन सपाट पडदे आले तेव्हा ते स्वस्तातले असे होते की मान जरा खाली-वर केली तरी चेहरा काळा-गोरा होई. मग शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं की मॅक जिंकणारच. पण तसाच चांगला आयपीएस मॉनिटर, म्हणजे कुठूनही पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा, पीसीला जोडून, मोजणीच्या यंत्रानं त्याचे रंग जुळवून (कॅलिब्रेट करून) तुलना केलेली मी आमच्या जिल्ह्यात त्या काळी कधीही पाहिली नाही.

इकडे गावात काम चाललं होतं ते विंडोजवर, आणि त्याला कारणं होती. २००२ साली आलेली फोटोशॉप सात ही आवृत्ती विदर्भातल्या स्टुडिओंत दहा-पंधरा वर्षं टिकली. काही ठिकाणी आजही उघडते. करिझ्मा म्हणतात ते कॉम्प्युटरवर पानं रचून छापलेले अल्बम आले, बारा बाय छत्तीस इंचांच्या शीट आल्या, डीव्हीडीवर भरलेल्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या तयार फाइल, आल्या. लॅबमधल्या छपाई यंत्राला जोडलेला संगणक विंडोजचाच असे. लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग ज्या एडियसवर होई, ते सॉफ्टवेअर मुळात फक्त विंडोजसाठीच आहे. मॅकवरचं फायनल कट तसंच फक्त मॅकचं, पण ते शिकवणारं कोणी यवतमाळच्या अलीकडे नव्हतं.

आणि मराठी. शहरातल्या चर्चेत हा मुद्दा मी कधी ऐकला नाही, पण आमच्यासाठी तो सगळ्यात मोठा होता. अल्बमच्या पहिल्या शीटवर 'शुभविवाह' हवं, खाली 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' हवं. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकलं की जोडाक्षर फुटे आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे. उपाय एकच, श्रीलिपीसारखी फाँटची पेटी आणि तिचं लॉक, जे कॉम्प्युटरच्या मागे खोचावं लागे. आमच्याकडे मिळायच्या त्या सगळ्या सीडी विंडोजच्या. नवरीचं आडनाव चुकीचं छापलं गेलं तर कलर कितीही चांगला असू दे, अल्बम परत येतो.

मग वीज. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, वीज आमच्या विदर्भात तयार होते. आणि २००५ नंतरच्या त्या वर्षांत बारा-बारा तासांचं भारनियमन आमच्याच गावांनी सोसलं. हे लिहिताना आजही चीड येते. लग्नसराई ऐन एप्रिल-मेची, आणि वीज रात्री अकराला यायची. यूपीएस दहा-पंधरा मिनिटं देई, तेवढ्यात फाइल सेव्ह करायची. व्होल्टेज वर-खाली झालं की एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, जळे. जळला तर गावातला पोरगा तासाभरात दुसरा बसवून देई. मॅकचं काही गेलं असतं तर नागपूरची वारी, आणि तिथून तो पुढे कुठे जाईल ते त्याच्या नशिबावर. चार लग्नांचा डेटा अडकलेला असताना ही जोखीम कोण घेणार?

मधल्या काळात हवा बदलली ती दोन बाजूंनी. एक म्हणजे कँडिड आणि प्री-वेडिंगचा जोर. मुंबई-पुण्याचे फोटोग्राफर इकडच्या लग्नांत येऊ लागले, मांडवातच लॅपटॉप उघडून बसू लागले. दुसरी ताडोबा. १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, १९९५ पासून व्याघ्र प्रकल्प. मोहर्लीच्या आसपासच्या पोरांनी पाहुण्यांच्या हातातले मॅकबुक पाहिले. जिप्सी चालवता चालवता, गाईडचं काम करता करता त्यातल्या काहींनी स्वतः कॅमेरा धरला. त्यांनी पाहिलेला प्रत्येक चांगला फोटो मॅकच्या पडद्यावर पाहिलेला होता. फोटो चांगला होता तो लांबचं जवळ आणणाऱ्या सहाशे मिलिमीटरच्या लेन्समुळे आणि पहाटे चारला उठल्यामुळे, पण डोळ्यांत राहिला तो झाकणावरचा सफरचंदाचा शिक्का.

२०२० च्या नोव्हेंबरपासून मात्र मॅकच्या बाजूनं खरा मुद्दा उभा राहिला, तोही सांगितला पाहिजे. एम-१ चिपपासूनचे मॅक लॅपटॉप बॅटरीवरही तेवढ्याच वेगानं चालतात. ताकदवान ग्राफिक्स कार्डाचे विंडोज लॅपटॉप प्लग काढला की बरेचदा संथ होतात. ज्याच्या फिडरवर, म्हणजे गावाकडे येणाऱ्या लाइनवर, आजही वीज जाते, त्याच्यासाठी हा फायदा मोठा आहे. पण त्या मशीनमध्ये रॅम मागून वाढवता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल आठ जीबीवर येत होतं, आणि तीस-चाळीस थरांची बारा बाय छत्तीसची शीट उघडली की आठ जीबी कधीच संपते. बनवणाऱ्यांनीच या लॅपटॉपसाठी आजूबाजूचं तापमान १० ते ३५ अंश सांगितलं आहे. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ असतं. पंखा नसलेलं हलकं मॉडेल अशा खोलीत बराच वेळ काम दिलं की संथ होतं. अर्थात उन्हाची झळ विंडोजवाल्यालाही लागते, फक्त त्याच्या कॅबिनेटचं झाकण काढून बाजूला टेबलफॅन लावता येतो.

बारीकसारीक अडचणी अजून आहेत. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला, असला तर मॅक तो वाचतो, त्यावर लिहीत नाही. नवरदेवाचा मामा समोर उभा असताना हे कळणं वाईट. २०२३ पासून अंधारातल्या फोटोतले दाणे काढायचं काम लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डावर करतं, आणि तिथे त्याच पैशातला पीसी बरेचदा पुढे असतो. संध्याकाळच्या वाघाचे दोनशे फोटो साफ करायचे तर हा फरक तासांचा होतो.

दिग्रसच्या पोराला मी यातलं बरंचसं फोनवर सांगितलं. त्यानं विचारलं, "मंग घेऊ काय?" त्याचा जुना पीसी बरा होता. त्यात रॅम बत्तीस केली, एक चांगला आयपीएस मॉनिटर घेतला, लॅबकडून त्यांचं प्रोफाइल मागवलं. पडदा मोजायचं यंत्र एकट्याला परवडेना, म्हणून दिग्रस, दारव्हा, आर्णी आणि पुसदच्या पाच स्टुडिओंनी मिळून एक घेतलं आहे. महिन्यातून एकदा ते स्टीलच्या डब्यात घालून एसटीनं पुढच्या गावाला जातं. या महिन्यात ते माझ्याकडे आहे.