पन्नाशीत घुमट शिकताना

चतुर्थीच्या आधी गोव्यातल्या डिचोली, फोंडा, पेडणे भागांत घुमट घेऊन आरतीच्या सरावाला बसणाऱ्यांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले नवशिकेही असतात. गोवा सरकारने २०१९ मध्ये वारसा वाद्य म्हणून मान्यता दिलेले घुमट दिसायला साधे, पण वाजवायला अवघड आहे. मातीच्या या भांड्याच्या मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले असते (पूर्वी घोरपडीचे, आता बकऱ्याचे) आणि लहान तोंड उघडे असते. उजवा हात चामड्यावर बोल काढतो, तर डाव्या हाताच्या तळव्याने मागचे तोंड झाकून-उघडून आतली हवा आणि नाद सांभाळावा लागतो. नवशिक्याचा उजवा हात जरा वळू लागला की डावा थबकतो, आणि मग ‘या वयात आता हात वळायचा नाही’ असे म्हणून माणूस वाद्य खाली ठेवतो. हा निष्कर्ष घाईचा आहे.

प्रौढ मेंदूची घडण पक्की झालेली असते, तिच्यात फारसा बदल संभवत नाही, असे विज्ञानही दीर्घकाळ मानत होते. २००४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी काही तरुणांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कसरत तीन महिने शिकवली. एमआरआय चित्रणात हलत्या वस्तू टिपणाऱ्या भागातील करड्या द्रव्याचे (चेतापेशी दाटलेल्या थराचे) प्रमाण वाढलेले दिसले आणि सराव थांबल्यावर ते पुन्हा घटले. २००८ मध्ये साठीच्या आसपासच्या लोकांवर तोच प्रयोग झाला. तरुणांच्या मानाने कमी जणांना कसरत साधली, पण ज्यांना साधली त्यांच्या मेंदूतही बदल आढळला. अर्थात ही वाढ नेमकी कशाची, पेशींमधल्या जोडण्यांची, आधारपेशींची की रक्तवाहिन्यांची, हे अशा चित्रणावरून सांगता येत नाही.

वय वाढते तसा मेंदूचा वेग मंदावतो, हे खरेच. मात्र साठवलेले ज्ञान वाढत जाते. लहानपणापासून घरच्या आरतीत उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानात ताल आधीच मुरलेला असतो, त्यामुळे शिकायचे उरते ते केवळ हातांना.

ते कसे शिकावे, याचे उत्तर मला ब्रिटनमधल्या एका जुन्या अभ्यासात सापडते. टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना काहींना दिवसाला एकच तास दिला, तर काहींना दोन-दोन तासांची दोन सत्रे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एक तासवाल्यांना कळफलक शिकण्यासाठी एकूण सर्वांत कमी तास लागले. तरीही सर्वांत असमाधानी तेच होते, कारण दिवस मोजले तर ते इतरांच्या मागे वाटत होते. प्रौढ शिकाऊ नेमका इथेच फसतो: तो स्वतःच्या प्रगतीचा अंदाज चुकवतो आणि सोडून देतो. दोन सत्रांमधल्या काळात, विशेषतः झोपेत, मेंदू हालचालींची स्मृती पक्की करत असतो. म्हणून चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात रात्री जागवण्यापेक्षा दोन महिने आधीपासून रोज अर्धा तास बसणे कितीतरी फलदायी ठरते.

नव्या तंत्रज्ञानालाही हेच लागू पडते. अमेरिकेत साठीपुढच्या लोकांनी तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडी शिवणे शिकून घेतले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांची प्रसंगस्मृती, म्हणजे घडलेल्या गोष्टी आठवण्याची क्षमता, सुधारलेली दिसली. नुसत्या गप्पा, सहली आणि गाठीभेटींत रमलेल्या गटाला तसा लाभ झाला नाही. एक छंद लागला म्हणजे सारी बुद्धी तल्लख होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण आईला विजेचे बिल मोबाईलवरून भरायचे असते तेव्हा आपण ‘दे इकडे’ म्हणून फोन घेतो आणि स्वतःच भरून टाकतो, हे मला फार खटकते. पुढची पायरी तिने आठवून स्वतःच्या बोटाने दाबली, तरच ती स्मृतीत बसते. नुसते पाहून ओळखीचे वाटते, पण पुढच्या महिन्यात आठवत नाही. फोन तिच्याच हातात राहू द्यावा, आणि ती अडली तरी थोडा वेळ थांबून मगच सांगावे.