महाबळेश्वर: हवापालटाच्या ठिकाणाची पार्श्वभूमी

महाबळेश्वरचा शोध इंग्रजांनी लावला असे पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून सर्रास छापले जाते. बाजारपेठ, बंगले आणि पॉइंट असलेल्या वस्तीपुरते ते खरे मानता येईल. डोंगराविषयी मात्र ते खरे नाही. आजच्या बाजारपेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर असलेले क्षेत्र महाबळेश्वर त्याच्या कितीतरी आधीपासून यात्रेचे ठिकाण होते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे उगम जेथे एकत्र दाखवले जातात, ते पंचगंगेचे मंदिर यादव राजा सिंघण याने बांधले, असे परंपरा सांगते. भागीरथी तेथे दर 12 वर्षांनी आणि सरस्वती दर 60 वर्षांनी प्रकटते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. शिवाय हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा होता. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, पाठोपाठ प्रतापगड उभा राहिला आणि 10 नोव्हेंबर 1659 रोजी त्याच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला. कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारा हा प्रदेश होता; तेथे कोणी विश्रांतीसाठी जात नसे.

विश्रांतीची कल्पना आली ती आजारपणातून. मुंबई इलाख्यातील गोरे सैनिक आणि अधिकारी उन्हाळ्यात तापाने आणि पोटाच्या विकारांनी खचत, आणि प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना मायदेशी किंवा आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरील केपला पाठवणे फार खर्चाचे पडे. 1824 मध्ये साताऱ्याच्या फौजेचे अधिकारी लॉडविक हे डोंगर चढून आले आणि सुमारे 1,370 मीटर उंचीवरच्या या थंड पठाराकडे त्यांनी सरकारचे लक्ष वेधले. साताऱ्याच्या दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल ब्रिग्ज यांनी 1826 मध्ये येथे घर बांधले आणि छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून गाडीरस्ता करून दिला. 1827 मध्ये गव्हर्नर झालेले सर जॉन माल्कम यांनी सैनिकांसाठी आरोग्यधाम उभारले आणि 1829 मध्ये महाराजांशी करार करून ही जागा वाई भागातील खंडाळा गावाच्या बदल्यात ईस्ट इंडिया कंपनीकडे घेतली. नव्या वस्तीला माल्कम पेठ हे नाव मिळाले. महाराजांच्या वाट्याला या इतिहासात सहसा एक ओळच येते. पण रस्ता त्यांचा होता, जमीन त्यांची होती, आणि पुढे 1842 च्या सुमारास वेण्णा तलाव बांधला तोही साताऱ्याच्याच गादीवरील शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराजांनी.

वस्ती वाढली ती मात्र कैद्यांच्या श्रमावर. येथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. त्यांच्यावरचा पहारा फारसा कडक नसे. त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेतली जात आणि उरलेल्या वेळात ते ओढ्याकाठी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवत, वेताच्या टोपल्या विणत. 1864 मध्ये तो तुरुंग बंद झाला, तरी बागायतीची आणि वेतकामाची रीत मागे राहिली. चायनामन धबधब्याच्या नावात त्या बागांची खूण अजून आहे. डोंगरावरच्या जुन्या रहिवाशांचे नशीब इतके चांगले नव्हते. जांभ्या दगडाच्या प्रदेशातील खनिजापासून लोखंड गाळणाऱ्या धावड समाजाला कोळशासाठी जंगल लागे. ब्रिटिश सरकारने वृक्षतोडीवर निर्बंध घातले आणि त्यांच्या भट्ट्या थंडावल्या. पाहुण्यांसाठी सावली राखली गेली, हे त्यामागचे एक कारण मानावे लागते.

मुंबईहून येणे तेव्हा सोपे नव्हते. एक वाट जलमार्गाने सावित्रीच्या खाडीतून दासगावपर्यंत आणि तेथून महाड, पार अशी घाट चढत डोलीतून होती. रेल्वे पुण्यापर्यंत आल्यावर वाईहून पसरणीचा घाट चढणे सोयीचे झाले आणि गर्दी त्या अंगाने वाढली. उन्हाळ्यात इलाख्याचे सरकारच येथे हलत असल्याने त्यामागोमाग संस्थानिक, पारशी व्यापारी आणि वकीलमंडळींचे बंगले उभे राहिले. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सगळे उतरत. वर्षाला 6,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. म्हणून त्याआधी बंगल्यांच्या भिंती गवताच्या कुडांनी झाकून टाकाव्या लागत. ‘सीझन’ हा येथील बोलीतला शब्द या ये-जा करण्यातूनच रुजला असावा.

पाचगणी थोडी खाली आणि पावसाच्या माऱ्यापासून बरीच सुरक्षित असल्याने तेथे वर्षभर राहता येत असे. 1860 च्या दशकात जॉन चेसन यांनी ती वसवली, पुढे निवासी शाळा आल्या, आणि 1912 मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरुग्णांसाठी बेल-एअर हे रुग्णालय काढले. क्षयावर औषध नव्हते तेव्हा कोरडी हवा, विश्रांती आणि पौष्टिक आहार एवढाच उपचार असे. आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर 1944 मध्ये महात्मा गांधीही प्रकृतीसाठी पाचगणीस राहिले होते. पुढे क्षयावर गोळ्या आल्या आणि हवापालटाला जाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीतून सुटून कुटुंबाच्या सुट्टीच्या बेतात आले.

आज पर्यटक जे विकत घेतो त्यातले बरेच या डोंगरावर बाहेरून आले. स्ट्रॉबेरी त्यातलीच, 2010 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. मध मात्र येथलाच आहे, आणि प्रतापगडाच्या रस्त्याजवळच्या मांघर गावाला 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर करण्यात आले. त्याआधी 2017 मध्ये भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले होते. या प्रयोगांमुळे पाहुण्यांना पॉइंटपलीकडची गावे दिसू लागली, ही चांगली बाब आहे. दरम्यान 2001 मध्ये केंद्र सरकारने महाबळेश्वर–पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्यामुळे बांधकाम, खाणकाम आणि वृक्षतोड यांवर मर्यादा आल्या, आणि वाढत्या हॉटेलांचा प्रश्न कायद्याच्या चौकटीत सोडवण्याची वेळ या गावावर आली.