प्रांताची अलगता (कॅनडा)

कॅनडाच्या एखाद्या प्रांताने देशातून बाहेर पडून स्वतंत्र राष्ट्र होण्याची कायदेशीर प्रक्रिया. कॅनडाच्या राज्यघटनेत अलगतेविषयी एकही कलम नाही. परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. आज जो मार्ग मानला जातो तो क्वेबेक प्रांताच्या १९८० आणि १९९५ च्या सार्वमतांतून, सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट १९९८ रोजी दिलेल्या सल्लामतातून आणि संसदेने २००० साली केलेल्या ‘क्लॅरिटी ॲक्ट’मधून, म्हणजे स्पष्टता कायद्यातून, घडत गेला. सार्वमतात ‘हो’ची सरशी आजवर कुठल्याच प्रांतात झालेली नाही. त्यामुळे मतदानापर्यंतचे नियम बारीकसारीक तपशिलासह ठरले आहेत, पण त्यापुढचा रस्ता बराचसा कागदावरच आहे.

प्रश्नाचे शब्द

सगळी भांडणे प्रश्नाच्या शब्दांपासून सुरू होतात. २० मे १९८० च्या सार्वमतात रने लेव्हेक यांच्या पार्टी क्वेबेक्वा या सार्वभौमत्ववादी पक्षाच्या प्रांत सरकारने स्वातंत्र्य थेट विचारलेच नाही. सार्वभौमत्व आणि त्यासोबत कॅनडाशी आर्थिक सहयोग, अशा व्यवस्थेची बोलणी करण्याचा अधिकार द्याल का, एवढेच विचारले. बोलण्यांतून जे निष्पन्न होईल ते पुन्हा सार्वमताला टाकू, हे आश्वासनही प्रश्नातच होते. ५९.५६ टक्के मतदारांनी ‘नाही’ म्हटले.

३० ऑक्टोबर १९९५ चा प्रश्न लहान होता, पण सोपा नव्हता. त्याचा आशय असा: कॅनडापुढे नव्या आर्थिक आणि राजकीय भागीदारीचा रीतसर प्रस्ताव ठेवल्यानंतर, क्वेबेकच्या भवितव्याविषयीचे विधेयक आणि १२ जून १९९५ रोजी झालेला करार यांच्या चौकटीत, क्वेबेकने सार्वभौम व्हावे हे तुम्हाला मान्य आहे का? ‘करार’ हा शब्द वाचून कॅनडा सरकारशी काही ठरले असावे असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो सार्वभौमत्ववादी बाजूच्या तीन पक्षनेत्यांमधला, म्हणजे पारिझो, बुशार आणि द्युमाँ यांच्यातला समझोता होता.

गोव्याच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाशी हा प्रश्न ताडून पाहण्यासारखा आहे. तिथे विषय अलगतेचा नव्हता, महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाचा होता. पण मतपत्रिकेवर चिन्हे दोनच होती: विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने. निकालाच्या अर्थावरून वाद घालायला कोणालाच जागा उरली नाही.

स्पष्टता कायदा नेमका इथे हात घालतो. प्रांत सरकारने प्रश्न विधिमंडळात मांडला किंवा अधिकृतपणे जाहीर केला की ३० दिवसांत हाउस ऑफ कॉमन्सने, म्हणजे केंद्रीय संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, तो स्पष्ट आहे की नाही हे ठरावाने सांगायचे. मधेच सार्वत्रिक निवडणूक आली तर आणखी ४० दिवस मिळतात. नुसता बोलणी करण्याचा अधिकार मागणारा प्रश्न अस्पष्ट धरला जातो. स्वातंत्र्याबरोबर आर्थिक किंवा राजकीय सोयरिकीचा पर्याय जोडून खरा कौल झाकोळणाराही अस्पष्टच. पहिली अट १९८० च्या प्रश्नाला बाद करते, दुसरी १९९५ च्या. कायदा करणाऱ्यांपुढे हे दोन्ही प्रश्न होतेच. हा निर्णय देताना प्रांताच्या विधिमंडळातील सर्व पक्षांची मतेही पाहायची असतात. म्हणजे प्रश्न संदिग्ध आहे असे प्रांतातल्याच विरोधी पक्षाने म्हटले, तर त्याला राजधानी ओटावात, म्हणजे केंद्रात, वजन येते.

एक गैरसमज मात्र सर्रास आढळतो. या कायद्याने प्रांताला सार्वमत घेण्यापासून अडवता येत नाही. हात बांधले जातात ते केंद्र सरकारचे: प्रश्न अस्पष्ट ठरला तर त्याने बोलण्यांना बसायचे नाही.

मोजणी आणि ‘स्पष्ट बहुमत’

१९९५ मध्ये ९३.५२ टक्के मतदान झाले आणि ‘नाही’ची बाजू ५०.५८ टक्के मते घेऊन जिंकली. फरक ५४,२८८ मतांचा, तर बाद मतपत्रिका ८६,५०१. बाद मतांचे प्रमाण प्रांतभर १.८ टक्क्यांच्या आसपास असताना लाव्हाल शहरातल्या शोमेडी मतदारसंघात ते ११ टक्क्यांच्या वर गेले. त्या भागात ‘नाही’चा जोर होता. वर्तुळातली खूण तिरकी आहे, फार गडद आहे, अशा कारणांनी मतपत्रिका बाजूला काढल्याच्या तक्रारी झाल्या. ‘नाही’ची बाजू जिंकली म्हणून प्रकरण निभावले. निकाल उलटा आणि तेवढ्याच फरकाने लागला असता, तर देश मोडण्याचा निर्णय पेन्सिलीच्या खुणेवर अडला असता.

न्यायालयाने ‘स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत’ ही कसोटी दिली, पण टक्का सांगितला नाही. तो राजकीय निर्णय आहे, असे म्हणून सोडून दिला. कायद्यातही आकडा नाही. मतदान झाल्यावर कॉमन्सने वैध मतांतील बहुमत किती, एकूण पात्र मतदारांपैकी किती जणांनी मत दिले आणि अन्य संबंधित बाबी काय, हे पाहून ठरवायचे. किती गुण मिळाले म्हणजे पास, हे परीक्षा झाल्यावर सांगण्याचा हा प्रकार आहे, आणि क्वेबेकचा मुख्य आक्षेपही तोच. त्याला उत्तर म्हणून क्वेबेकच्या विधिमंडळाने डिसेंबर २००० मध्ये स्वतःचा कायदा केला: वैध मतांच्या ५० टक्क्यांहून एक मत जास्त म्हणजे विजय. न्यायालयात आव्हान मिळूनही तो टिकला. आज दोन्ही कायदे एकाच वेळी अमलात आहेत.

न्यायालयाने काय दिले, काय नाकारले

केंद्राने १९९६ मध्ये तीन प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवले. क्वेबेक सरकारने सुनावणीवर बहिष्कार टाकल्यामुळे त्या बाजूने न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमावा लागला. न्यायालयाने एकमताने सांगितले की घटनेनुसार प्रांताला एकतर्फी बाहेर पडता येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यातही तसा हक्क नाही, कारण क्वेबेकचे लोक वसाहतीतले नाहीत की परकीय अमलाखाली दडपलेले नाहीत. दोन्ही उत्तरे सारखीच आल्यामुळे त्यांच्यात विरोध झाला तर काय, हा तिसरा प्रश्न उरलाच नाही.

पण त्याच मतात दुसरी बाजूही आहे. संघराज्य, लोकशाही, घटनावाद व कायद्याचे राज्य आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण ही चार तत्त्वे घटनेच्या मुळाशी आहेत. त्यांच्या आधारे न्यायालयाने म्हटले की स्पष्ट कौल मिळाला तर उरलेल्या कॅनडाला तो कानाआड करता येणार नाही, बोलण्यांना बसावेच लागेल. बोलणी यशस्वी होतीलच याची हमी मात्र नाही. थोडक्यात, प्रांताला मिळतो तो वाटाघाटीच्या टेबलावर बसण्याचा हक्क. बाहेर पडण्याचा हक्क कोणी दिलेला नाही.

बोलणी आणि घटनादुरुस्ती

बोलण्यांत किमान केंद्र आणि सर्व प्रांतांची सरकारे असावी लागतात. मालमत्ता व देणी, प्रांताच्या सीमांत होणारे बदल, मूलनिवासींचे हक्क व भूदावे आणि अल्पसंख्याकांचे हक्क या विषयांवर वाटाघाटी झाल्याशिवाय केंद्राच्या मंत्र्याला घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडता येत नाही.

यात कर्जाची गाठ अवघड. केंद्राचे रोखे कॅनडाच्या नावावर आहेत, त्यामुळे धनको ओटावाचाच दरवाजा ठोठावणार. नवे राष्ट्र आपला वाटा ओटावाला फेडेल, एवढाच करार होऊ शकतो. वाटा लोकसंख्येवर काढायचा की उत्पन्नावर, इथूनच घासाघीस सुरू होईल. स्कॉटलंडच्या २०१४ च्या सार्वमताआधी ब्रिटनच्या अर्थखात्याने त्या जानेवारीतच जाहीर केले होते की निकाल काहीही लागो, आजवरचे सगळे रोखे आम्ही फेडू. बाजार बिथरू नये म्हणून ते आवश्यक होते.

सीमांचा प्रश्न त्याहून नाजूक. क्वेबेकचा उत्तर भाग १८९८ आणि १९१२ मध्ये केंद्राने प्रांताला जोडून दिलेला आहे, आणि तिथे क्री व इनुइट हे मूलनिवासी लोक राहतात. १९९५ च्या सार्वमताच्या सहा दिवस आधी क्री लोकांनी आपले वेगळे मतदान घेतले. त्यात ९६ टक्क्यांहून अधिक लोकांनी त्यांच्या संमतीविना क्वेबेकबरोबर कॅनडाबाहेर जायला नकार दिला. देश विभागता येतो तर प्रांत का नाही, हा त्यांचा सवाल.

शेवटची पायरी घटनादुरुस्तीची. सर्वसाधारण सूत्रानुसार संसदेची आणि किमान ७ प्रांतांची संमती लागते, आणि त्या प्रांतांत मिळून देशाची किमान ५० टक्के लोकसंख्या असावी लागते. सिनेट, म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह, फार तर १८० दिवस उशीर करू शकते. पण राणी किंवा राजा आणि लेफ्टनंट गव्हर्नर (प्रांतातला राजसत्तेचा प्रतिनिधी) यांच्या पदांना हात लावायचा तर दहाही प्रांतांची संमती हवी, आणि अलगतेत ही पदे बदलणारच. म्हणून बहुतेक घटनातज्ज्ञ एकमताचे सूत्र लागू होईल असे मानतात. एकमत किती दुर्मीळ असते याचा अनुभव कॅनडाला जून १९९० मध्ये आला. मीच लेक या घटनादुरुस्तीच्या करारासाठीची तीन वर्षांची मुदत संपत आलेली असताना मॅनिटोबाच्या विधिमंडळात एलायजा हार्पर हे ओजी-क्री या मूलनिवासी समाजाचे आमदार हातात गरुडाचे पीस धरून प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणत राहिले. सभागृहाच्या एकमुखी संमतीशिवाय नेहमीच्या प्रक्रियेला बगल देता येत नव्हती. न्यूफाउंडलंडमध्येही मतदान झाले नाही आणि करार बारगळला. तोही कोणाला बाहेर काढणारा नव्हता, क्वेबेकला घटनेत मनापासून सामावून घेणारा होता.

अल्बर्टा

अल्बर्टात सार्वमताचा रस्ता नागरिकांच्या याचिकेतूनही जातो. २०२५ च्या दुरुस्तीने लागणाऱ्या सह्यांचा आकडा मागच्या निवडणुकीत झालेल्या मतांच्या १० टक्क्यांवर आणला गेला. म्हणजे १,७७,७३२ सह्या, त्याही १२० दिवसांत. सह्या जमल्या तरी क्वेबेकसाठी वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या अल्बर्टालाही चढाव्या लागतील. शिवाय फर्स्ट नेशन्स या मूलनिवासी समाजांशी झालेले करार क्रमांक ६, ७ आणि ८ अनुक्रमे १८७६, १८७७ आणि १८९९ सालचे आहेत, तर अल्बर्टा प्रांत १९०५ चा. करार राजसत्तेशी झाले, प्रांताशी नाही. करारावर सह्या करणाऱ्या पक्षांपैकी एकाच्या जागी दुसऱ्याच कोणाला बसवायचे, तर उरलेल्या पक्षाला विचारावेच लागेल.