विचाराआधीची कृती : मराठी शब्द आणि त्यांचा वापर

मनात विचार पुरता उभा राहण्याआधीच हातून जे घडते, त्याला मराठीत एकच एक नाव नाही. कृती शरीराने केली, स्वभावाने केली की क्षणिक भावनेने, यावर शब्द बदलतो. त्या कृतीबद्दल बोलणाऱ्याचे मत काय आहे, हेही त्या शब्दातूनच कळते.

शास्त्रीय लेखनात दोन संज्ञा पक्क्या झाल्या आहेत. तव्याचा चटका बसताच हात मागे येतो ती ‘प्रतिक्षिप्त क्रिया’. तिचा निर्णय मज्जारज्जूतच होतो आणि वेदना मेंदूला जाणवण्याआधी हात हललेला असतो. न शिकता येणाऱ्या, पण याहून गुंतागुंतीच्या वागण्याला ‘सहजप्रवृत्ती’ किंवा ‘सहजप्रेरणा’ म्हणतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालून लगेच समुद्रात परतते. वाट दाखवायला कोणी नसताना पिल्ले वाळूतून वर येतात आणि समुद्राकडच्या उजळ क्षितिजाकडे सरकू लागतात. किनाऱ्यावर विजेचे दिवे असले तर हीच प्रवृत्ती त्यांना उलट्या दिशेने नेते. बोलण्यात अशा वागण्याला ‘उपजत’ किंवा ‘जात्याच’ म्हणतात. वर्षानुवर्षांच्या सरावाने आलेल्या सहजतेला मात्र हे शब्द लावू नयेत. तिथे ‘हात बसला’, ‘अंगवळणी पडले’ असे म्हणणेच बरोबर.

खरी श्रीमंती बोलीतल्या शब्दांत आहे. ‘लहर’ आणि ‘ऊर्मी’ या मुळात पाण्याच्या लाटा, ‘उमाळा’ हीही आतून उसळून वर येण्याची क्रिया. दुसरा गट दुखण्याचा आहे. कंबरेत ‘सणक’ भरते आणि माणूसही ‘सणकी’ असतो. ‘उबळ’ खोकल्याची येते तशी रागाचीही येते. संतापाने डोक्यात ‘तिडीक’ जाते. ‘हुक्की’ या सगळ्यांत निरुपद्रवी. रात्री दहाला भजी तळायची हुक्की येते, खुनाची येत नाही.

यांपैकी बहुतेक शब्दांची वाक्यरचना सारखी आहे. माणूस चतुर्थीत जातो आणि कर्तेपण त्या आवेगाकडे येते : ‘त्याला लहर आली’, ‘तिला उबळ आली’. ‘त्याने हुक्की केली’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला राहवेना’, ‘तिला बघवेना’ ही शक्य क्रियापदेही याच कामी येतात. आवरण्याची शक्ती संपली एवढेच ती सांगतात, पुढच्या कृतीचा दोष कोणाचा हे सांगत नाहीत. ही रचना माणसाला सांभाळून घेते. पण ‘आली लहर, केला कहर’ ही म्हण ती सवलत काढून घेते : लहर आली खरी, कहर मात्र केला.

‘रागाच्या भरात’ आणि ‘तिरीमिरीत’ हे गुन्ह्यांच्या बातम्यांतले नेहमीचे शब्द. रागाच्या भरात केलेले आणि विचार करून केलेले कृत्य यांत कायदाही भेद मानतो. गंभीर आणि अकस्मात चिथावणीने स्वतःवरचा ताबा सुटून केलेली हत्या भारतीय दंड संहितेच्या कलम 300 च्या पहिल्या अपवादाने खुनाच्या व्याख्येबाहेर ठेवली होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तोच अपवाद कलम 101 मध्ये आहे. मुंबईतल्या 1959 च्या नानावटी खटल्यात वाद नेमका इथेच होता. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी पत्नी व मुलांना चित्रपटगृहात सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग पत्नीचे प्रियकर प्रेम आहुजा यांचे घर गाठले. घरून निघाल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते, मन ताळ्यावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये जन्मठेप कायम केली. त्यामुळे जिथे मध्ये वेळ गेला आहे तिथे बातमीदाराने ‘तिरीमिरीत’ लिहिणे अयोग्यच, कारण त्या शब्दाने आरोपीची बाजू आधीच मांडली जाते.

कौतुकाचे शब्द वेगळे. टाळ्या, दाद आणि बंद ‘उत्स्फूर्त’ असतात, म्हणजे कोणी घडवून न आणता झालेले. ब्रेक निकामी झाल्यावर बस बांधाला घासून थांबवणाऱ्या चालकाचे मात्र ‘प्रसंगावधान’ असते. त्यानेही क्षणात कृती केली, पण भान ठेवून; म्हणून त्याला ‘आवेग’ म्हणत नाहीत. तेवढ्याच घाईत चुकीचे पाऊल पडले की तो ‘उतावळेपणा’, आणि दुसऱ्याला इजा झाली की ‘आततायीपणा’.

कृतीऐवजी नुसती चाहूल लागली तर ‘शंकेची पाल चुकचुकते’. पालीच्या चुकचुकण्यात शकुन पाहण्याच्या समजुतीतून हा वाक्प्रचार आला आहे आणि तो जवळजवळ नेहमी वाइटाच्या चाहुलीसाठीच वापरतात. ‘आतला आवाज’ याहून गंभीर आहे. महात्मा गांधींनी मे 1933 मध्ये येरवडा तुरुंगात एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले, तेव्हा त्यामागे आपला आतला आवाज असल्याचे त्यांनी सांगितले होते. सुटका झाल्यावर पुण्यातच ‘पर्णकुटी’ या बंगल्यात त्यांनी ते पूर्ण केले.