आभासी वास्तव उपचार (भयगंड व चिंताविकार)

भयगंड आणि चिंताविकारांवरील मानसोपचाराची एक पद्धत. बोलीत 'व्हीआर थेरपी'. रुग्णाला ज्या प्रसंगाची भीती वाटते तो हेडसेटमध्ये (डोळ्यांवर चढवायच्या, चहूबाजूंनी दृश्य दाखवणाऱ्या यंत्रात) उभा करायचा आणि थेरपिस्टच्या सोबतीने त्याने त्यात पायरीपायरीने, पुरेसा वेळ थांबायचे, असे तिचे स्वरूप आहे. गुण येतो तो या थांबण्याने, म्हणजे एक्सपोजरने. हेडसेटची सोय एवढीच की तिसावा मजला किंवा संध्याकाळी सहाचा रेल्वे पूल दवाखान्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत आणता येतो, हवा तिथे थांबवता येतो आणि तोच क्षण दहा वेळा पुन्हा देता येतो. हेडसेट विकत घेऊन घरी नुसते थरारक व्हिडिओ पाहिल्याने भीती का जात नाही, हेही यातून कळते.

पद्धतीचे मूळ जुने आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाला आवडीचे खायला देत ससा हळूहळू जवळ आणला आणि त्याची भीती घालवली. तो वृत्तांत १९२४ चा. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी भीतीची उतरंड लावून ती कल्पनेत अनुभवण्याचे तंत्र मांडले. पण डोळे मिटून 'मी उंच गच्चीवर आहे' असे धरून बसणे पुष्कळांना जमत नाही; मन भलतीकडे जाते. १९९५ मध्ये अटलांटात बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी उंचीच्या भीतीवर संगणकी पूल, बाल्कनी आणि काचेची लिफ्ट वापरून नियंत्रित अभ्यास केला. तेव्हाची यंत्रे महाग आणि बोजड होती. २०१६ नंतर घरगुती हेडसेट आले आणि साध्या क्लिनिकलाही ते परवडू लागले.

भीती टिकते ती टाळण्यामुळे. लिफ्ट सोडून जिना धरला की क्षणात हायसे वाटते, आणि तेच हायसे वाटणे 'वाचलो' अशी चुकीची नोंद मनात करते. लिफ्टमध्ये थांबल्यावर प्रत्यक्षात काय होते ते बघायची वेळच येत नाही. एक्सपोजरमध्ये ती वेळ आणली जाते. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी 'इथे थांबलो आणि काही झाले नाही' ही नवी शिकवण रुजते. म्हणून एकच लिफ्ट दहा वेळा देण्यापेक्षा जुनाट जाळीची, काचेची, भरलेली, रिकामी अशा वेगवेगळ्या लिफ्ट दिलेल्या बऱ्या.

शिडी

पहिल्या एक-दोन भेटींत हेडसेटला हात लावायचा नाही. निदान, औषधे, चक्कर किंवा अपस्माराचा इतिहास, आणि नेमकी कशाची भीती, हे आधी. 'लिफ्टची भीती' या दोन शब्दांत चार वेगवेगळे आजार दडलेले असू शकतात: कोंडले जाण्याची, पडण्याची, गुदमरण्याची, किंवा लोकांदेखत घाबरगुंडी उडण्याची. दृश्य कोणते निवडायचे ते यावर ठरते. मग ० ते १०० या मापाने भीतीचा आकडा घेत कमी भीतीच्या प्रसंगापासून जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंत शिडी लावतात.

मुंबईतली शिडी मुंबईच्याच वस्तूंची हवी. परळ-लोअर परळच्या गिरणी जमिनींवरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर ऑफिस असलेल्या माणसाची शिडी अशी लागू शकते: लॉबीत लिफ्टसमोर उभे राहणे (२०), दार उघडे ठेवून आत (३५), दार बंद पण लिफ्ट जागीच (५०), एक मजला (५५), चौदा मजले (७०), सोबत सहा जण (८०), मध्येच लिफ्ट अडकून दिवा आणि पंखा बंद (९५). भुयाराला घाबरणाऱ्यांची संख्या शहरात वाढणारच. आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ जवळजवळ सगळी भुयारी आहे आणि कोस्टल रोडचे सुमारे दोन किलोमीटरचे जुळे बोगदे मलबार हिलखालून जातात. तयार मिळणारी दृश्ये मात्र बहुधा परदेशी असतात. स्वच्छ, अर्धी रिकामी भुयारी गाडी पाहून विरार लोकलला घाबरणाऱ्याचा आकडा पंधराच्या वर जात नाही.

त्यावर उपाय ३६० अंशांच्या कॅमेऱ्याचा. तो उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दीडेक मीटरवर, काठीवर पक्का बसवावा आणि अजिबात हलवू नये. कॅमेरा चालला की पाहणाऱ्याला मळमळते. रेल्वेच्या आवारात चित्रीकरणाला आधी परवानगी लागते. आवाज तिथलाच हवा. 'पुढील स्थानक दादर' ही घोषणा कानावर पडली की रुग्णाचे खांदे वर जातात, इतके काम ती एकटी करते. या चित्रणाची एक मर्यादा आहे: मान वळवता येते, पण वाकून पाहिले तर दृश्य बदलत नाही. गर्दी, व्याख्यान, मुलाखत यांना ते चालते. उंचीला चालत नाही. कठड्यावरून वाकल्यावर खालचे दृश्य सरकले नाही तर भीती येतच नाही. तिथे संगणकावर बांधलेलेच दृश्य घ्यावे.

एक सत्र

सत्र ४५ ते ६० मिनिटांचे, त्यात हेडसेट २० ते ३० मिनिटे. साध्या भयगंडाला एकूण आठ ते बारा सत्रे सर्वसाधारणपणे धरतात. सुरुवातीला रुग्णाकडून भाकीत लिहून घेतात, शक्यतो त्याच्याच शब्दांत: 'दार बंद झाल्यावर दोन मिनिटांत माझा श्वास अडकेल, मी दारावर हात मारीन.' मग हेडसेटच्या भिंगांमधले अंतर रुग्णाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराशी जुळवतात. मोठ्यांत डोळ्यांमधले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते; जुळणी चुकली की दृश्य धूसर दिसते, डोके दुखते आणि रुग्ण त्याला भीतीच समजतो. चष्मा असल्यास तो भिंगांना टेकू न देणारी मधली पट्टी लावावी, नाहीतर दोन्ही काचांवर ओरखडे पडतात.

दृश्य सुरू झाल्यावर थेरपिस्टने फार बोलू नये. दर तीन-चार मिनिटांनी 'आता किती?' एवढेच विचारावे आणि समोरच्या टॅबवर रुग्ण कुठे पाहतो आहे ते बघावे. बरेचसे त्यातच कळते. माणूस लिफ्टमध्ये उभा असतो पण नजर छताच्या कोपऱ्यावर खिळलेली. खुर्चीचा हात इतका घट्ट धरलेला की नखे पांढरी पडली आहेत. ओठांतल्या ओठांत आकडे मोजणे किंवा स्तोत्र चालू आहे. या साऱ्या बचावाच्या युक्त्या. त्या राहिल्या तर 'आकडे मोजले म्हणून वाचलो' हीच शिकवण पक्की होते. रागावून तोडू नयेत. 'आता दाराकडे बघा', 'एक हात मांडीवर ठेवा' असे एकेक करून सोडवाव्यात. शेवटी भाकीत पुन्हा वाचतात: श्वास अडकला का? दारावर हात मारला का? आकडा ८० वरून ४० वर आला नाही तरी चालेल. भाकीत खोटे ठरणे जास्त मोलाचे.

काय बिघडते

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे भीती शिगेला असताना हेडसेट काढणे. त्या क्षणी मिळालेली सुटका टाळण्याच्या सवयीला खतपाणी घालते, आणि पुढच्या वेळी तीच पायरी अवघड होते. रुग्णाने थांबायला सांगितले तर थांबावेच, पण आधी एक पायरी खाली येऊन मिनिटभर तिथे राहून मग काढावे. घाई करून दोन पायऱ्या एकदम चढवल्या की ही वेळ येते. मागची पायरी अर्धवट राहिली असताना पुढच्या पायरीला हात घालू नये.

दुसरी गल्लत मळमळ आणि भीती यांची. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला जाणवत नाही. त्यातून घाम, तोंडाला पाणी, गरगर. भीतीतही घाम येतोच. म्हणून दोन आकडे वेगळे विचारावेत. भीती दृश्य बंद होताच भराभर उतरते, मळमळ हेडसेट काढल्यावरही रेंगाळते. मळमळ असेल तर दृश्य सोडून द्यावे, सहन करत बसण्यात काही शिकणे नाही. सत्रानंतर पंधरा-वीस मिनिटे बसवून ठेवावे आणि लगेच दुचाकी चालवू देऊ नये.

सुई आणि रक्ताच्या भीतीची तऱ्हा निराळी. तिथे रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम कोसळतो, माणूस भोवळ येऊन पडतो. त्याला शिथिलीकरण (अंग सैल सोडणे) शिकवणे म्हणजे पडायला मदत करणे. उलट हात, पाय, पोट १०-१५ सेकंद ताणून धरायचे, २०-३० सेकंद सोडायचे, असे पाच वेळा. हे आधी शिकवून, आरामखुर्चीत बसवूनच दृश्य दाखवावे.

सत्रापूर्वी घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी भीती दाबते, पण 'गोळीमुळे निभावले' हा समजही देते. ती बंद करणे किंवा वेळ बदलणे मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच. स्वतःहून अचानक थांबवणे धोक्याचे आहे.

मुंबईच्या दमट हवेत यंत्राची आपली दुखणी असतात. जून ते सप्टेंबर भिंगांवर वाफ धरते. हेडसेट एसीच्या खोलीत आधी अर्धा तास ठेवला तर गार भिंगावर ती जास्तच धरते, म्हणून चेहऱ्याजवळ काही मिनिटे धरून मग चढवावा. स्पंजची गादी घाम आणि केसांचे तेल शोषून घेते, त्यामुळे धुता येणारे सिलिकॉनचे आवरण घ्यावे. भिंगाला स्पिरिट लावू नये, कोरडे मऊ कापड पुरते. खिडकीत उन्हात ठेवलेल्या हेडसेटचा पडदा जळतो, कारण भिंगे उलट्या दिशेनेही ऊन एकवटतात.

कोणाला नको, आणि कोणाकडून

प्रकाशाने झटके येणारा अपस्मार, तीव्र चक्कर, वास्तवाचे भान सुटलेली मनोवस्था यांत हा उपचार टाळतात. चेंगराचेंगरीतून वाचलेल्या माणसाला पुलाची वाटणारी भीती हा साधा भयगंड नव्हे; तिथे आघातोत्तर विकाराची तपासणी आधी, दृश्य नंतर. उपचार करणारी व्यक्ती मनोविकारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, हे विचारायला संकोच करू नये. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १०० जणांवरील चाचणीत थेरपिस्टशिवाय, आभासी मार्गदर्शकाच्या साहाय्याने उंचीची भीती कमी करून दाखवली. तो कार्यक्रम खास त्यासाठी बांधलेला होता. बाजारातल्या कुठल्याही ॲपला तो दाखला लागू पडत नाही.

आभासी एक्सपोजरचा परिणाम प्रत्यक्ष आयुष्यात उतरतो, असे अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते. तरी चौथ्या-पाचव्या सत्रापासून गृहपाठ खऱ्या जागी द्यावा: आधी दुपारी अडीचची रिकामी स्लो लोकल, एकच स्टेशन, मग दोन, मग सोबतीशिवाय, मग सकाळची गर्दी. प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी भाकीत चिठ्ठीवर, उतरल्यावर मागच्या बाजूला काय झाले ते. महिना-दोन महिने गाडीत बसण्याची वेळच आली नाही तर भीती थोडी परतते. अशा वेळी शिडीच्या मधल्या पायरीवरून एक-दोन सत्रे पुन्हा घेतली की बहुतेकदा भागते.